प्रा. दिनेश मोहन स्मरण-अभ्यासवर्ग: प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२५. आखणी

रस्ते-सुरक्षा आणि इजा-प्रतिबंधाचे अभ्यासक प्रा. दिनेश मोहन २१ मे २०२१ रोजी कोविडने गेले. यंदा त्याच तारखेला स्थापत्य आणि यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक दिवसाचा अभ्यासवर्ग घ्यायचा. हार, प्रतिमापूजन, भाषणे नाहीत. त्यांच्या कामातला एकेक विषय एकेका मेजावर मांडायचा. विद्यार्थ्याने टेप, घड्याळ, करवत किंवा कागद हातात घेऊन तो विषय स्वतः करून पाहायचा.

प्रत्येक मेजावर लावायचा परिचय एकच आणि छोटा असेल. यंत्र अभियांत्रिकीची पदवी पवईच्या आयआयटीतून, पुढचे शिक्षण अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात, डॉक्टरेट मिशिगन विद्यापीठात जैवयांत्रिकीत. तिथले काम माणसाच्या महाधमनीच्या भिंतीवर होते: ती किती ताणली की फाटते आणि ताण झपाट्याने आला तर काय फरक पडतो. मोटार आदळल्यावर छातीत जे घडते, ते समजून घेण्यासाठी हे लागते. मग वॉशिंग्टनमध्ये इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेत संशोधन आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आयआयटी दिल्ली. तिथे त्यांनी ‘ट्रिप’ हा वाहतूक संशोधन व इजा-प्रतिबंधाचा कार्यक्रम उभा केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये रस्त्यांवरील इजांविषयी जो जागतिक अहवाल काढला, त्याच्या संपादकांत ते होते.

शीर तुटलेली पाहणारा डॉक्टर, पोलाद वाकवणारा यंत्र अभियंता, रस्ता आखणारा स्थापत्य अभियंता आणि आकडे तपासणारा संख्याशास्त्रज्ञ यांना त्यांनी एका मेजाभोवती बसवले. म्हणून आपल्या वर्गातही शाखा मिसळूनच गट करायचे. चार जणांच्या गटात दोन स्थापत्यचे, दोन यंत्रचे.

सगळ्या मेजांमागचे सूत्र: माणूस चुकणार, पोर धावणार, म्हातारा हळू चालणार, हे धरून रस्ता, वाहन आणि यंत्र घडवायचे. आणि घडवण्याआधी मोजायचे.

१४ मार्च. मेज १: हॅडनचा तक्ता

मोहन अमेरिकेत ज्या संस्थेत होते, तिचे प्रमुख त्या काळी डॉ. विल्यम हॅडन होते. तीन ओळी आणि चार रकान्यांचा त्यांचा तक्ता आजही जगभर शिकवला जातो. ओळी: धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. रकाने: माणूस, वाहन, रस्त्याची घडण, सामाजिक परिस्थिती. एकूण १२ चौकटी.

ड्रॉइंग शीटवर तक्ता आखला, चिठ्ठ्या चिकटवायच्या. प्रसंग असा दिला आहे: रात्रीची वेळ, गावातून जाणारा राज्य महामार्ग, एसटी थांब्यावरून रस्ता ओलांडणारी बाई, भरधाव दुचाकी. गटाने २० मिनिटांत बाराही चौकटी भरायच्या.

काय होते ते माहीत आहे. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्याच चौकटीत पडतात: ‘जनजागृती’, ‘नियम पाळा’, ‘दारू पिऊन चालवू नका’. म्हणून एका चौकटीत दोनच चिठ्ठ्या लावायची मुभा ठेवली. त्या संपल्या की गटाला बाकीच्या चौकटींकडे वळावेच लागते. दुचाकीच्या दिव्याचा झोत, थांब्याजवळचा उजेड, रस्त्याच्या मध्ये उभे राहायला बेट, वेग कमी करणारा उंचवटा, रुग्णवाहिकेला लागणारा वेळ, जवळच्या दवाखान्यात रक्त आहे की नाही. मार्गदर्शकाने उत्तरे सुचवू नयेत, रिकाम्या चौकटीवर फक्त बोट ठेवावे.

१९ मार्च. मेज २: कडबाकुट्टी

वाहतुकीच्या वर्गात कडबाकुट्टी कशाला, असा प्रश्न आयोजकांच्याच बैठकीत निघाला. हे मेज काढले तर मोहन कसे विचार करत हे अर्धेच कळेल. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील गावांत शेतीकामातल्या इजांचा मागोवा घेतला. वैरण कापायच्या यंत्रात बोटे आणि हात गमावलेले लोक तिथे होते आणि त्यांत मुले होती. पुष्कळदा यंत्र कामात नसताना पोरे चाक फिरवत खेळत आणि दुसऱ्याचे बोट पात्यात जाई. आईबापांना ‘लक्ष ठेवा’ असे सांगून भागणार नव्हते. त्या गटाने यंत्रच बदलले.

मांडणीसाठी हाताने चालवायची जुनी कडबाकुट्टी भंगारातून मिळाली. पाती काढून त्यांच्या जागी त्याच आकाराचे ६ मिमी प्लाय बसवले. वर्गात खरी पाती नकोतच. यंत्राची रचना सोपी आहे. वैरण पन्हळीतून पुढे सरकते, दोन दातेरी रोलर तिला धरून आत ओढतात, आणि जड चाकावर बसवलेली पाती तिचे तुकडे करतात. इजा होण्याच्या जागा दोन. एक, दातेरी रोलरची चिमट. पेंढीबरोबर हात आत गेला की रोलर तो सोडत नाही. दुसरी, उघडे फिरणारे चाक. हात सोडला तरी वजनामुळे ते काही फेरे फिरतच राहते.

दिल्लीच्या गटाने सुचवलेले बदल आमच्या यंत्रावर असे बसवले:

पन्हळीत दातेरी रोलरच्या अलीकडे एक मोकळा, गुळगुळीत इशारा-रोलर. त्याला कोणतीही गती जोडलेली नाही, वैरणीच्या धक्क्याने तो फिरतो. हात त्याच्याखाली जाऊ लागला की बोटांच्या पाठीला तो लागतो आणि माणूस हात मागे घेतो. आम्ही ४० मिमी व्यासाचा जीआय पाइप, दोन्ही टोकांना १२ मिमीचा आस आणि आसासाठी पन्हळीच्या बाजूंत उभ्या खाचा घेतल्या. खाच उभीच हवी. नुसते गोल भोक पाडले तर जाड पेंढी अडकते, काम रखडते, आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी रोलर काढून ठेवतो. कामात अडथळा आणणारे संरक्षण टिकत नाही.

पात्यांवर पत्र्याचे आवरण. १.६ मिमी पत्रा वाकवून घेतला. धार लावायला पाते उघडावे लागते, म्हणून आवरण बिजागरीवर. वेल्डिंगने पक्के केले तर पहिल्याच धारेच्या वेळी ते कापून टाकले जाईल.

चाकाला कुलूप. चाकाच्या आऱ्यांतून जाणारी १२ मिमीची खीळ चौकटीला साखळीने बांधली. साखळी नसेल तर खीळ हरवते.

हे सगळे गावच्या लोहाराकडे, ड्रिल आणि वेल्डिंग मशीनवर झाले पाहिजे, ही अट आम्ही स्वतःला घालून घेतली. लेथ लागेल असा एकही भाग ठेवला नाही.

२७ मार्च. मेज ३: हेल्मेट

उष्ण हवामानासाठी सुधारित हेल्मेटचा आराखडा हेही मोहन यांच्या गटाचे काम. उन्हाळ्यात हेल्मेट नकोसे होते हे त्यांनी तक्रार म्हणून बाजूला टाकले नाही, आराखड्यात हवा खेळवण्याचा प्रश्न म्हणून हाती घेतले.

मेजावर भारतीय मानक ४१५१ ची खूण असलेले एक जुने हेल्मेट उभे कापून ठेवायचे. बाहेरचे कवच, आतला दाबला जाणारा थर्माकोलसारखा थर, मऊ अस्तर, पट्टा असे चार भाग रंगवायचे. कापताना हॅकसॉ वापरावा. ग्राइंडरच्या उष्णतेने आतला थर वितळतो आणि कापलेली कड काहीच दाखवत नाही.

गणित फळ्यावर, विद्यार्थ्याने करायचे. डोके ७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे २५ किमी प्रतितास वेगाने आपटले. थर २५ मिमी दाबला गेला तर सरासरी मंदन (वेग घटण्याचा दर) = ७ × ७ ÷ (२ × ०.०२५) = ९८० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १०० पट. हेल्मेट नसताना थांबायला ५ मिमी मिळाले असे धरले तर ५०० पट. फरक पडतो तो केवळ २० मिमीमुळे.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात, पण विद्यार्थ्याच्या तोंडून निघू द्याव्यात. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी निकामी झालेले असते, कारण दाबला गेलेला थर परत फुगत नाही. आणि स्पंजचे अस्तर कितीही जाड असले तरी उपयोग नाही, कारण ते फार कमी बलाला पूर्ण दाबले जाते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटमध्ये बहुधा हा मधला थरच नसतो. तुलनेसाठी तसेही एक कापून शेजारी ठेवले आहे.

पट्ट्याची चाचणी: हनुवटीखाली दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत. मग मागून कडेला धरून हेल्मेट पुढे लोटायचे. निघून आले तर माप चुकीचे.

३ एप्रिल. मेज ४: वेग आणि अंतर

इथे साहित्य म्हणजे ५० मीटरची टेप, खडू आणि मैदान. गट तीन रेघा आखतो.

चालकाला समजून ब्रेक दाबायला १ सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर मंदन ७ मीटर प्रतिसेकंद वर्ग धरले. ताशी ५० किमीला (१३.९ मीटर प्रतिसेकंद) प्रतिक्रियेत १३.९ मीटर, ब्रेकमध्ये १३.८ मीटर, एकूण सुमारे २७.७ मीटर. त्या ठिकाणी रेघ मारून विद्यार्थ्याला उभे करायचे. आता तीच गाडी ताशी ६० ने येते आहे. प्रतिक्रियेतच १६.७ मीटर गेले. उरलेल्या ११ मीटरमध्ये ब्रेक लागतो, पण विद्यार्थ्यापाशी पोहोचताना गाडीचा वेग अजून ताशी ४० किमी असतो. सुरुवातीचा फरक १० किमीचा, धडकेच्या जागी तो शून्य आणि ४० असा होतो. हे फळ्यावर सांगून पटत नाही, मैदानावर रेघेवर उभे राहिले की पटते.

जोडीला उंचीचे गणित: ताशी ५० ने धडक म्हणजे सुमारे ९.८ मीटरवरून पडणे, ताशी ३० म्हणजे ३.५ मीटर. कॉलेजच्या इमारतीच्या भिंतीवर या दोन उंचींना कागदी पट्ट्या लावल्या.

रस्ता ओलांडण्याचे गणितही इथेच. ७ मीटरचा रस्ता, चाल १.२ मीटर प्रतिसेकंद: ५.८ सेकंद. तेवढ्यात ताशी ६० ची गाडी ९७ मीटर येते. चाल ०.९ असेल तर ७.८ सेकंद आणि १३० मीटर. वळणावर १३० मीटर दिसते का, हे बाहेर जाऊन पाहायचे.

९ एप्रिल. मेज ५: वेगाची मोजणी

रडार गन मिळत होती, घेतली नाही. टेप आणि स्टॉपवॉचने मोजणाऱ्याला चूक कुठून येते ते कळते.

पद्धत: सरळ रस्ता, चौक आणि थांब्यापासून दूर, चढ-उतार नाही. रस्त्यावर ५४ मीटरच्या अंतराने दोन आडव्या रेघा. वेग (किमी प्रतितास) = १९४.४ ÷ सेकंद. ताशी ५० ची गाडी हे अंतर ३.८९ सेकंदांत कापते. घड्याळ दाबताना ०.१ सेकंदाची चूक झाली तर वेग १.३ किमीने चुकतो. २७ मीटरच घेतले असते तर चूक दुप्पट. फार हळू वाहतुकीत मात्र २७ मीटर बरे, कारण लांब अंतरात मध्येच कोणी थांबते किंवा वळते.

काय बिघडते:

तिरपी नजर. मोजणारा एका रेघेसमोर उभा असतो आणि दुसरी रेघ तिरकी पाहतो. लांबच्या मार्गिकेतली गाडी त्याला खऱ्यापेक्षा आधी किंवा उशिरा रेघ ओलांडताना दिसते. उपाय: दुसऱ्या रेघेवर साथीदार, त्याने हात खाली करायचा. किंवा रेघेच्या सरळ रेषेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवायचे आणि दोन्ही बांबू एकावर एक दिसतील त्या जागी उभे राहायचे.

खडूची रेघ दुपारपर्यंत पुसते. चुन्याची रेघ टायरला लागून फिसकटते. पांढरी कापडी चिकटपट्टी, टोके पॅचने दाबलेली, दिवसभर टिकते. रेघ ठळक मात्र नको. चालक ती पाहून ब्रेक मारतो. रस्त्याच्या कडेचे अर्धा मीटर पुरे.

नारिंगी जॅकेट. मोजणाऱ्यांनी ते घातलेच पाहिजे, पण ते पाहून गाड्या हळू होतात. म्हणून मोजणाऱ्याने झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेपासून मागे बसायचे. रेघा चिकटवायला जाणाऱ्याने जॅकेट घालायचे आणि एकाने वाहतुकीकडे तोंड करून उभे राहायचे.

निवड. विद्यार्थी नकळत वेगवान गाड्याच टिपतात. आधी ठरवायचे: दर पाचवी दुचाकी, दर तिसरी मोटार. फक्त मोकळ्या चालणाऱ्या गाड्या, म्हणजे पुढच्या गाडीपासून किमान ५ सेकंद मागे असलेल्या. रांगेतल्या गाडीचा वेग तिच्या चालकाने निवडलेला नसतो.

संख्या. वेगांचे प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) ८ किमी धरले आणि सरासरी १ किमीपर्यंत अचूक हवी असेल तर ९५ टक्के विश्वासाला (१.९६ × ८ ÷ १) चा वर्ग, सुमारे २४६ वाहने. २ किमीची चूक चालत असेल तर ६२ पुरतात. दुचाकी, मोटार, रिक्षा, बस, ट्रक यांची नोंद वेगळी. सगळे एकत्र केले तर विचलन फुगते आणि हाती काही लागत नाही.

नंतर ५ किमीचे गट, संचयी आलेख आणि त्यावरून ८५ टक्के वाहने ज्याच्या खाली आहेत तो वेग. सरासरी काढताना प्रत्येक गाडीचा वेग काढून त्यांची सरासरी घ्यायची. वेळांची सरासरी काढून मग भागले तर उत्तर कमी येते.

उपाय केल्यावर पुन्हा मोजायचे असेल तर तीच जागा, तोच वार, तीच वेळ, तीच माणसे. वेग ५ टक्के घटला तरी जीवघेण्या धडका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात असे चौथ्या घाताचा नियम (जीवघेण्या धडका वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतात) सांगतो. एवढा छोटा फरक टिपायचा तर मोजणी ढिसाळ चालत नाही.

१७ एप्रिल. मेज ६: गतिरोधकाचा साचा

बाहेर जे गतिरोधक दिसतात त्यातले बरेच अर्धा मीटर रुंदीचे काँक्रीटचे उंचवटे असतात. ते सायकलवाल्याचे कंबरडे मोडतात, आणि वेगात गेलेल्या मोटारीचे स्प्रिंग तो धक्का गिळून टाकते. जितका वेग जास्त तितका त्रास कमी, म्हणजे उलटाच परिणाम. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये वॉट्स यांनी आकार तपासून १२ फूट लांब आणि ४ इंच उंच गोलसर उंचवटा सुचवला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत (आयआरसी ९९) तोच आकार मीटरमध्ये आहे: त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची ०.१० मीटर, ताशी २५ किमीने ओलांडण्यासाठी. ‘चालकांना शिस्त नाही’ म्हणून थांबणाऱ्यांना मोहन जे उत्तर देत आले, ते हेच: शिस्त रस्त्याच्या आकारात बांधता येते. पण आकार बरोबर हवा.

अर्ध्या उंचवट्याचा साचा १२ मिमी प्लायमधून कापला. मध्यापासूनचे अंतर आणि त्या जागची उंची: ० वर १०० मिमी, ०.२५ मीटरवर ९८, ०.५० वर ९३, ०.७५ वर ८३, १.०० वर ७१, १.२५ वर ५४, १.५० वर ३४, १.७५ वर १०, १.८५ वर ०. सूत्र सोपे: मीटरमधल्या अंतराचा वर्ग भागिले ३४, तेवढे मीटर १०० मिमीतून वजा. हे बिंदू प्लायवर मारून लवचीक पीव्हीसी पट्टी खिळ्यांना टेकवून रेघ ओढायची. प्लायची शेवटची १०० मिमी फारच निमुळती होऊन तुटते. तिथे पत्र्याची पट्टी स्क्रूने जोडली.

साचा उलटा करून वापरायचा असतो, म्हणजे उंचवट्यावर ठेवून खाली फट दिसते का ते पाहायचे. त्यासाठी वरची कड सरळ आणि खालची कड वक्र असा जोडसाचाही केला. सरळ कडेवर पाणपातळी ठेवता येते.

साहित्याचा हिशोब विद्यार्थ्यांनी काढायचा. काटछेदाचे क्षेत्र सुमारे दोन तृतीयांश × ३.७ × ०.१ = ०.२५ चौरस मीटर. ७ मीटर रस्त्याला १.७ घनमीटर, डांबरी मिश्रण साधारण ४ टन, दाबल्यानंतरचे.

बांधताना काय चुकते हे मेजावर छापून ठेवले आहे. कडेला मिश्रण शून्य जाडीचे होते आणि पहिल्या पावसात सुटते, म्हणून दोन्ही कडांना जुना पृष्ठभाग २५ मिमी खोल खरवडून नवे मिश्रण त्यात बसवावे. टॅक कोट (जुन्या रस्त्याला नवा थर चिकटवणारा पातळ डांबराचा हात) न मारता टाकलेला उंचवटा अख्खाच सरकतो. १०० मिमी एकदम टाकून वरून रोलर फिरवला की मधला भाग सपाट होतो आणि आकार जातो, तेव्हा दोन थर घ्यावेत, प्रत्येक थरानंतर साचा लावावा. कडेच्या गटारापर्यंत उंचवटा नेला तर पाणी तुंबते. ३०० मिमी मोकळे सोडावेत. मात्र त्या फटीतून दुचाकी निसटते, म्हणून तिथे खांब. इशाऱ्याचा फलक सुमारे ४० मीटर आधी, आणि उंचवट्यावर रंगाचे पट्टे, रात्री चमकणारे. रंग न मारलेला गतिरोधक स्वतःच अपघात घडवतो.

२४ एप्रिल. मेज ६ ला पुरवणी

शाळेसमोर गोलसर उंचवट्याऐवजी सपाट माथ्याचे, उंचावलेले क्रॉसिंग सुचवायचे. माथा किमान ३ मीटर, म्हणजे पदपथावरून चाकाची खुर्ची न उतरता पलीकडे जाते. १०० मिमी उंचीला १ मीटरचा उतार. दोन्ही बाजूंना पाणी जायला पाइप. बाकी सगळे आधीच्या नोंदीप्रमाणे.

२ मे. मेज ७: पोलीस नोंदींचे वाचन

हे मेज सगळ्यांत महत्त्वाचे मानावे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे. कोण मेले, हे मात्र सरकारी तक्त्यांतून नीट कळत नाही. मोहन आणि त्यांच्या सहकारी प्रा. गीतम तिवारी यांनी पोलिसांच्या मूळ प्रथम खबरी (एफआयआर) वाचून दाखवले की पादचारी मृत्यूंचे प्रमाण छापील आकड्यांपेक्षा बरेच जास्त आहे. तक्ता भरणारा बऱ्याचदा कोणाची चूक, कोणते वाहन, असे भरतो. मेला कोण हा रकाना मागे पडतो.

त्यांच्या पद्धतीचा गाभा एक चौकोनी तक्ता आहे. उभ्या बाजूला बळी: पादचारी, सायकल, दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक. आडव्या बाजूला कशाची धडक: तीच यादी, अधिक ‘स्वतःच घसरले’, ‘स्थिर वस्तू’, ‘अज्ञात’. एका मृत्यूला एक खूण.

सरावासाठी नमुना खबरी आम्ही रचल्या आहेत. खऱ्या कागदावरची नावे, गाडीचे क्रमांक, पत्ते वर्गात येऊ द्यायचे नाहीत. खऱ्या अभ्यासात परवानगीनेच वाचावे आणि उतरवताना वय, लिंग, वेळ, जागा, बळी, वाहन एवढेच घ्यावे.

वाचताना लक्षात ठेवायचे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या नोंदी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ आणि ३०४-अ खाली, नंतरच्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १०६ खाली. शोधताना दोन्ही. खबरीत जखमी असलेला माणूस दहा दिवसांनी दवाखान्यात मेला तर ती नोंद पुढच्या कागदांत असते, म्हणून खबर एकटी वाचून मृत्यू मोजू नयेत. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, उजेड, दुभाजकाची फट असते, खबरीत नसते. आणि ‘अज्ञात वाहन’ हा रकाना रिकामा सोडू नये किंवा अंदाजाने ट्रकमध्ये घालू नये. रात्री महामार्गावर तो मोठाच असतो.

दोन विद्यार्थ्यांनी त्याच खबरी वेगवेगळ्या भरायच्या आणि मग तक्ते जुळवायचे. जिथे जुळत नाही तिथे व्याख्या ढिली आहे. सायकल हातात धरून चालणारा माणूस पादचारी की सायकलस्वार? उभ्या ट्रकवर दुचाकी आदळली तर ‘ट्रक’ की ‘स्थिर वस्तू’? हे नियम लिहून तक्त्याच्या माथ्यावर डकवायचे.

८ मे. मेज ८: रिक्षा आणि बस

रिक्षा महाराष्ट्रातही बनते, रोज सगळे तीत बसतात, आणि मोहन यांच्या गटाने तीनचाकीच्या धडकेचे संगणकीय प्रतिमान केले होते. मेजाजवळ रिक्षा उभी करायची. प्रवाशाचे डोके, छाती आणि गुडघे पुढे कुठे लागतील ते टेपने मोजायचे आणि त्या जागी लाल ठिपके डकवायचे. चालकामागची आडवी नळी बहुतेक ठिपके खाते. ‘धरून बसले तर?’ याचे उत्तर: ६० किलोचा माणूस, ताशी ३० वरून ०.१ सेकंदात थांबणे, बल सुमारे ५,००० न्यूटन, म्हणजे ५०० किलो वजन हातांनी तोलण्याइतके. कोणाच्याही हाताला ते जमणार नाही. नळीवर दाट बंद-छिद्री फोम गुंडाळून दाखवायचा आणि शेजारी गादीचा स्पंज. अंगठ्याने दाबल्यावर स्पंज थेट नळीला टेकतो.

बसचे दर्शनी अंग पादचाऱ्याला कमी मारक कसे करावे, यावर १९९२ मधला एक अभ्यास स्वीडनमधील संशोधकांबरोबर त्यांनी केला होता. त्याचे एक चित्र भिंतीवर पुरे.

बसमार्गिकेचा भाग मात्र सविस्तर हवा. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किमीचा बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका असलेला) मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, आराखड्यामागे ट्रिपची माणसे होती. वर्तमानपत्रांतून आणि गाडीवाल्यांकडून टीका झाली, विरोधातली याचिका उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, तरी २०१६ मध्ये मार्ग काढून टाकला गेला. पुण्यात २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट मार्गापासून असाच प्रयोग झाला, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना बाजू माहीत आहेत. आपण त्यांना मोजायला लावायचे: रस्ता वाहने मोजून वाटायचा की माणसे मोजून?

कृती: पुलावर किंवा गच्चीवर उभे राहून १५ मिनिटांत जाणारी प्रत्येक गाडी आणि तीतली माणसे. मोटारीतली माणसे काचेतून दिसत नाहीत, म्हणून सिग्नलला थांबलेल्या गाड्या मोजून सरासरी काढावी. बसमधली माणसे मोजता येत नाहीत. पाच वर्ग करावेत: तुरळक बसलेले, सगळ्या जागा भरलेल्या, काही उभे, गच्च उभे, दारात लटकलेले. प्रत्येक वर्गाची संख्या एकदा बसमध्ये चढून पक्की करावी. समजा तासाला ६० बस आणि प्रत्येकीत ५० माणसे: एका मार्गिकेतून ३,०००. शेजारच्या मार्गिकेत सिग्नलसह ८०० मोटारी आणि प्रत्येकीत दीड माणूस: १,२००. बसमार्गिका रिकामी दिसते ती यामुळेच. वाहून नेणारी जागा बहुतेक वेळ मोकळी असते.

आराखड्यातली अडचणीची जागा चौकाजवळचा थांबा. फलाट थांबारेषेला खेटून ठेवला तर हिरव्या दिव्याची वाट पाहणारी पहिली बस मागच्या बसला फलाटाशी येऊ देत नाही. १२ मीटरच्या दोन बस अंतर राखून मावतील इतका, साधारण २६ मीटर, तो मागे हवा. सिग्नलचे चक्र जितके लांब तितकी ही रांग मोठी. मधल्या फलाटावर पोहोचायला प्रवाशाला रस्ता ओलांडावाच लागतो, तेव्हा मेज ६ चे क्रॉसिंग इथे पुन्हा आणावे.

१५ मे. रंगीत तालीम

मेज ४ ला सर्वांत जास्त वेळ लागतो, मैदान दूर असल्याने. ते सकाळी पहिले. मेज ५ चे गट उन्हात दोन तासांपेक्षा जास्त बसवू नयेत. मेज २ वर एकावेळी एकच गट, आणि चाकाची खीळ गट बदलताना लावायची. मेज ७ साठी शांत खोली.

२१ मे. अभ्यासवर्ग

ठरल्याप्रमाणे झाला. संध्याकाळी प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका धोकादायक जागेचे रेखाचित्र काढून त्यावर फक्त बदल लिहिले: मापासकट, फलक आणि घोषणा वगळून. ती चित्रे ठेवून घेतली आहेत.

२६ मे. आवराआवर

प्लायचा साचा दमट हवेने वाकला, मध्यावर फट दिसते. पुढच्या वेळी मरीन प्लाय किंवा ३ मिमी ॲल्युमिनियम, आणि पावसाळ्याआधी दोन्ही बाजूंना वॉर्निश. इशारा-रोलरच्या खाचेत कडब्याचा भुसा भरतो, खाच खालून उघडी करायची आहे. चौकोनी तक्त्यात ‘ट्रॅक्टर-ट्रॉली’ ही ओळ वाढवायची, ऊसतोडीच्या भागात तिच्याशिवाय तक्ता अपुरा. रिक्षावाल्याला त्याच्या दिवसाच्या धंद्याचे पैसे दिले. चालकामागच्या नळीवरचा फोम त्याने काढू दिला नाही, तसाच ठेवला.